अ झेड अँड टू नॉट्स : तीन रात्रींत बघितलेला सिनेमा

अव्वाला, म्हणजे आईला, जाऊन सव्वा वर्ष झालं. आम्हा लिंगायतांत दहन करत नाहीत. विभूती लावून, रोजच्या पूजेतलं इष्टलिंग हातात देऊन, बसवून पुरतात. वर बेलपानं, मग माती. पुढं मातीत काय होत असेल हा विचार आला, की मी उठून पाणी पीत होतो. म्हणून पीटर ग्रीनवे यांचा १९८५ सालचा हा सिनेमा एका बैठकीत झाला नाही.

रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयाबाहेर मोटारीवर हंस आदळतो. दोन बायका जागीच जातात. त्यांचे नवरे ऑस्वाल्ड आणि ऑलिव्हर, जुळे भाऊ, तिथलेच प्राणिशास्त्रज्ञ. दुःख आवरेना तेव्हा ते कॅमेरा लावून कुजणं टिपत बसतात. आधी सफरचंद, मग कोळंबी, मासे, मगर, हंस, कुत्रा, झेब्रा.

मार्केट यार्डात माझा डाळिंबाचा धंदा आहे. एक ठिपका, मग मऊ साल, मग आंबूस वास आणि चिलटं, हे मी रोज बघतो. डागी फळ दिसलं की क्रेटमधून काढून टाकायचं, दुसऱ्यांदा बघायचं नाही, ही तीस वर्षांची सवय. ही माणसं मात्र तिथंच नजर लावून बसलेली! मायकल नायमन यांचं संगीत धावतं आणि मेलेलं जनावर श्वास घेतल्यासारखं हलतं. पहिल्या रात्री हंसापाशी मी बंद केलं. दुसऱ्या रात्री तेच दृश्य परत लावलं, आणि पाणी प्यायला उठलो नाही.

मोटार चालवणारी आल्बा वाचते, पण तिचा पाय जातो, पुढं दुसराही. आंद्रेआ फेरेओल यांनी तिच्यात इतकी धग भरलीय, की व्हर्मीयर या जुन्या डच चित्रकाराच्या चित्रांच्या नादी लागलेल्या शल्यविशारदाचे प्रसंग मला लांबलेले आणि निष्ठुर वाटले. छायालेखक साशा व्हियर्नी यांची चौकट मात्र प्रत्येक वेळी तोलून धरल्यासारखी.

घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर थांबा. वर्षश्राद्ध होऊ द्या, मग बघा.

शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी इथंच थांबावं. दोघं भाऊ स्वतःला संपवतात, आपलंही कुजणं टिपलं जावं म्हणून कॅमेरा लावून. रात्री गोगलगायी येतात. अंगावर, दिव्यांवर, तारांवर. सगळं बंद पडतं. ते कुणालाच बघायला मिळत नाही. झाकलं जातं. तिथं मी अव्वासाठी पोटभर रडलो.