ऑक्साइडवाल्यांसाठी एक्सपीएस: काही महिने वापरल्यानंतर

आमच्या विभागातलं एक्सपीएस (क्ष-किरण मारून नमुन्यातून उडालेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजणारं यंत्र; त्यावरून मूलद्रव्य आणि त्याची रासायनिक अवस्था कळते) आता बऱ्यापैकी हाताखालून गेलंय. ॲल्युमिनियम के-अल्फा स्रोत (१४८६.६ ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्ट), एकाच ऊर्जेचे किरण निवडणारा मोनोक्रोमेटर, नमुन्यावर साचलेला विद्युतभार भरून काढणारी फ्लड गन, पृष्ठभाग खरवडणारी आर्गॉन गन असा नेहमीचा संच. माझं काम तांबं आणि निकेलच्या ऑक्साइडवर, तेव्हा मत तेवढ्यापुरतंच धरा.

तांब्यासाठी डोळे झाकून घ्या. क्युप्रिक ऑक्साइडच्या (CuO) २पी स्पेक्ट्रममध्ये (२पी म्हणजे तांब्याच्या गाभ्यातली एक इलेक्ट्रॉन-पातळी) ९३३.६ ईव्ही बंधन-ऊर्जेच्या आसपास मुख्य पीक (शिखर) आणि पुढे ९४० ते ९४५ मध्ये ठसठशीत सॅटेलाइट (दुय्यम शिखर). गाभ्यातला इलेक्ट्रॉन उडाला की शेजारच्या ऑक्सिजनकडून एक इलेक्ट्रॉन तांब्याच्या बाहेरच्या ३डी पातळीत सरकतो, तो मुख्य पीक. सरकला नाही तर सॅटेलाइट. क्युप्रस ऑक्साइडमध्ये (Cu₂O) ३डी आधीच भरलेलं, म्हणून सॅटेलाइट गायब. मात्र क्युप्रस आणि शुद्ध तांबं २पी वरून वेगळं काढता येत नाही. त्यासाठी ऑजे रेषा (गाभ्यातली रिकामी जागा भरताना बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनची) घ्याच; तिची गतिज ऊर्जा धातूची ९१८.६, क्युप्रसची ९१६.८ च्या आसपास.

निकेल ऑक्साइड जास्त छळतं. ८५४ च्या मुख्य पीकला साधारण दीड ईव्ही वर एक खांदा असतो. त्याला निकेल-३ (+३ अवस्थेतलं निकेल) म्हणून मोकळे होणारे पेपर अजून निघतात. व्हॅन व्हीनेंडाल आणि सावात्स्की यांनी १९९३ मध्येच दाखवलं होतं, की शेजारच्या निकेल अणूंभोवतालचे इलेक्ट्रॉन मदतीला आले की शुद्ध निकेल ऑक्साइडमध्येही तो दिसतो.

ऑक्सिजन १एस (त्याची सर्वांत आतली पातळी) बद्दल तर बोलायलाच नको. ५३१.५ चा उंचवटा दिसला की ‘ऑक्सिजन व्हेकन्सी’चं (ऑक्सिजनच्या रिकाम्या जागेचं) लेबल तयार! अहो, जो ऑक्सिजन जागेवर नाहीच, त्याचा इलेक्ट्रॉन बाहेर येणार कुठून? बहुतेकदा ते पृष्ठभागावरचं हायड्रॉक्सिल असतं. यंत्र पाहतं जेमतेम वरचे पाच-दहा नॅनोमीटर, हे विसरू नका.

कुरकुर दोन गोष्टींची. पृष्ठभाग साफ करायला आर्गॉन मारला की क्युप्रिक ऑक्साइड क्षपण होऊन क्युप्रस व्हायला लागतं, म्हणजे जे मोजायचं तेच बदलतं. आणि पावडर चार्ज होते. फ्लड गन लावूनही पृष्ठभागावरच्या कार्बनच्या २८४.८ या संदर्भ-पीकवर सगळी मदार ठेवायची म्हणजे जरा धाकधूकच.

इलेक्ट्रॉन नसलेल्या रिकाम्या पातळ्या पाहायच्या असतील तर हे यंत्र कामाचं नाही. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (क्ष-किरणांचा मोठा स्रोत) मऊ क्ष-किरणांच्या शोषणासाठी अर्ज टाका. आणि इथे स्लॉट मिळाला तर सॅम्पल आदल्या संध्याकाळीच लोड लॉकमध्ये (सॅम्पल यंत्रात नेण्याआधीचा निर्वात कप्पा) पंपिंगला लावा, नाहीतर पावडरमधला ओलावा निघेपर्यंत अर्धा दिवस जातो.