मंजुरीची बैठक की टप्प्याटप्प्याने रिलीज?

चालू सॉफ्टवेअर सिस्टिममध्ये बदल सोडायच्या (रिलीज करायच्या) दोन रीती. पहिली: आठवड्याची बैठक, फॉर्म, सह्या, मग शनिवारी रात्री रिलीज. दुसरी: सहकाऱ्याने कोड तपासायचा, चाचण्या आपोआप चालायच्या, आणि बदल आधी मोजक्या सर्व्हरवर सोडून एरर वाढतात का ते पाहत पुढे न्यायचा.

बैठकीचा फायदा एकच, पण मोठा. पगाराची बॅच, म्हणजे सगळ्यांचे पगार एकत्र काढायचं काम, चालू असताना डेटाबेसला हात लावू नका, हे सांगणारं माणूस तिथे असतं. मात्र चाळीस बदल तासाभरात उरकायचे म्हटल्यावर कोड कोण उघडणार? सही होते, तपासणी राहते. शिवाय सगळे बदल एकदम गेले की बिघाड कशामुळे झाला हे शोधण्यात रात्र जाते.

१ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीत आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला. तिथला जुना, वापरात नसलेला कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४० कोटी डॉलरहून जास्त बुडाले. आठही सर्व्हरवर एकच आवृत्ती आहे ना, हे यंत्राने सहज पकडलं असतं, सहीने नाही.

पण टप्पे गाळले तर दुसरी रीतही घात करते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचा सदोष अपडेट एकदम सगळीकडे गेला आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले.

माझा कौल दुसऱ्या रीतीला. डेटाबेसची रचना बदलत असेल, तेव्हा मात्र बैठक हवीच, आणि तीही त्या एकाच बदलापुरती.