समुपदेशक नेमायचा की वर्गशिक्षकांना तयार करायचं?

मुलांच्या मनाची काळजी घ्यायला समुपदेशक नेमायचा की वर्गशिक्षकांना तयार करायचं, हा प्रश्न यंदा आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत आला आणि हातात पैसे एकाच गोष्टीपुरते होते. तुमच्याकडेही हीच चर्चा चालू असेल, तर अठरा वर्षं पहिली ते चौथीला शिकवलेल्या बाईला काय दिसलं ते सांगते.

लहान मूल ‘मला ताण आलाय’ असं कधी म्हणत नाही. त्याच्या पोटात दुखतं, डबा भरलेला तसाच घरी जातो, किंवा नीट अक्षर येणारा मुलगा अचानक ओळ सोडून लिहायला लागतो. त्यामुळे हे सगळं रोज कोणाच्या नजरेला पडतं, यावर बरंच अवलंबून आहे.

माझ्या वर्गात तिसरीतला एक मुलगा शर्टाची कॉलर चावायचा. वडील ट्रकवर होते, रविवारी रात्री निघायचे. सोमवारी प्रार्थना संपेपर्यंत कॉलर पिळावी इतकी ओली झालेली असायची. मंगळवारी थोडी कमी, बुधवारपासून कोरडी. आमच्याकडे समुपदेशक ताई यायच्या गुरुवारी. त्यांनी त्याच्याशी गप्पा मारल्या, चित्र काढून घेतलं आणि लिहिलं, ‘मूल आनंदी आहे.’ खरंच होतं ते, गुरुवारपुरतं. वर्गशिक्षकाची ताकद इथे दिसते. सोमवार आणि गुरुवार दोन्ही त्याच्यासमोरच उजाडतात.

आता दुसरी बाजू. दुसरीतल्या एका मुलीचं मी भर वर्गात कौतुक करायचे, ‘बघा, कशी शांत बसते.’ वर्गात 47 मुलं होती. जूनपासून दिवाळीपर्यंत ती शाळेत कोणाशीच एक शब्दही बोलली नव्हती आणि मला ते कळलं नाही. ताईंना पहिल्याच भेटीत शंका आली. त्यांनी आईला बोलावलं, तर घरी ही अखंड बडबड करणारी. घरी बोलणाऱ्या मुलाची शाळेत जीभ बांधल्यासारखी होते, हा चिंतेचा प्रकार आहे. हट्ट नव्हे आणि सद्गुण तर नव्हेच. तो ओळखण्याचं प्रशिक्षण मला कधी मिळालं नव्हतं. ती दिवाळी मला आजही आठवते.

शिक्षकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं की काम झालं, असं समितीत कोणी म्हणालं तर बिहारचा अनुभव जरूर सांगा. गोव्याच्या ‘संगथ’ संस्थेने नालंदा जिल्ह्यातल्या शाळांत एकच कार्यक्रम दोन पद्धतींनी राबवून पाहिला. काही शाळांत तो तिथल्याच शिक्षकांकडे दिला, तर काही शाळांत या कामासाठीच नेमलेल्या, पण मानसशास्त्राची पदवी नसलेल्या व्यक्तीकडे. 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वतंत्र माणूस असलेल्या शाळांचं वातावरण सुधारलं, मुलांमधलं नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांकडे दिलेल्या शाळांत फरक पडला नाही. ती मुलं नववीची होती, आणि नववीत दर तासाला शिक्षक बदलतो. प्राथमिकला एकच बाई दिवसभर असते. म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा मी आपल्याकडे लावणार नाही. पण आधीच ओझं असलेल्या माणसावर आणखी एक काम टाकलं की ते कागदावरच राहतं, हे मात्र कोणत्याही शिक्षकाला पटेल. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक हवा. तुमच्या वर्गांत चाळीस-पन्नास मुलं असतील आणि निवडणूक, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी बाईंकडेच असतील, तर तिथे प्रशिक्षणाचा पैसा वाया जाईल.

विश्वासाचा मुद्दा गावात फार नाजूक असतो. बाई त्याच आळीत राहतात, मुलाच्या आईसोबत हळदीकुंकवाला बसतात. घरात मारहाण होत असेल तर मूल बाहेरून येणाऱ्या ताईंकडे कदाचित आधी बोलेल. मात्र लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं दोघांवरही बंधनकारक आहे. ते कोणी आणि कसं करायचं, हे नेमणुकीच्या दिवशीच ठरवून ठेवा.

‘आपल्याकडे आनंददायी शनिवार आहेच की,’ असंही कोणी म्हणेल. दिल्लीने 2018 मध्ये नर्सरी ते आठवीला आनंदाची वेगळी तासिका सुरू केली, आपल्याकडे प्राणायाम, खेळ अशा उपक्रमांचा शनिवार आला. दोन्ही कल्पना सर्व मुलांसाठी आणि मला आवडतात. पण ओल्या कॉलरचं उत्तर प्राणायामात नाही.

तर मी कुठे मत दिलं? वर्गात तीसच्या आसपास मुलं असतील, तर आधी वर्गशिक्षक. वर्षभर महिन्याला एक बैठक, प्रत्यक्ष मुलांवर चर्चा, आणि त्या दिवशी दुसरं काम नाही. वर्ग फुगलेले असतील तर समुपदेशक, पण एका अटीवर: निम्मा वेळ मुलांना वेगळ्या खोलीत न बोलावता मागच्या बाकावर बसून वर्ग बघायचा आणि मग बाईंशी बोलायचं. ‘मी फक्त केसेस घेते’ असं मुलाखतीत उत्तर आलं, तर मी पुढच्या उमेदवाराला बोलावीन. द्विशिक्षकी शाळेला दोन्ही परवडत नाही. तिथे टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्डलाइनचा 1098 हे नंबर मुख्याध्यापकांच्या टेबलावर चिकटवा. शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मुलांची वजनं-उंची तर द्याच, पण काळजी वाटणाऱ्या मुलांची नावंही द्या.

आमच्या समितीने ताईंना दोन वार दिले. त्यातला एक मी सोमवार मागून घेतला.