चरईतला इंग्रजीचा वर्ग: पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी

मराठी माध्यमातलं मूल पाचवी ते सातवीत असेल आणि ठाण्यात इंग्रजीचा क्लास शोधत असाल, तर चरईतल्या या बाईंना एकदा भेटाच. क्लासला नाव नाही, बाहेर पाटी नाही. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर बाईंची पुढची खोली, सतरंजी, फळा आणि एका बॅचला आठच मुलं. तलावपाळीवरून चालत जाता येतं. माझी मुलगी सहावीत आहे, जूनपासून तिथे जाते.

आमच्या पिढीचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. 2000 सालापासून राज्यात ते पहिलीपासूनच आहे. म्हणजे सहावीत येईपर्यंत हिची पाच वर्षं इंग्रजी शिकून झाली होती. धडा घडाघडा वाचायची, गाइडमधली उत्तरं पाठ म्हणायची, पण काल कुठे गेली होतीस एवढं इंग्रजीत विचारलं की गप्प. आधीच्या क्लासात चाळीसेक मुलं आणि छापील नोट्स. तिथे तिला तोंड उघडायची वेळच आली नाही.

बाई प्रश्न विचारायला कसं शिकवतात ते मी दाराशी बसून पाहिलंय. मराठीत वाक्य आहे तसं ठेवायचं, शेवटी 'का' लावायचा, झाला प्रश्न. म्हणून आपली मुलं 'रिया ईट्स मँगोज?' असं नुसता सूर चढवून विचारतात. बाईंनी शब्दांची कार्डं मुलांच्या हातात देऊन त्यांना ओळीत उभं केलं. 'ईट' धरलेल्या मुलाच्या दुसऱ्या हातात 'एस'चं वेगळं लाल कार्ड. मग 'डू' घेतलेली मुलगी आली, तिने तो 'एस' मागून घेतला, 'डू'चं 'डझ' झालं आणि ती रियाच्या पुढे जाऊन उभी राहिली. आता 'ईट'कडे 'एस' कुठून असणार? 'डझ रिया ईट्स' ही चूक आमच्याकडे त्यानंतर क्वचितच ऐकू येते. नियम तोच, व्याकरणाच्या पुस्तकातला. पण मुलीने तो स्वतःच्या हाताने दिला-घेतला होता. पुढे 'डिड'चं कार्ड आलं, तेव्हा 'एट'चं पुन्हा 'ईट' का होतं हे मुलांनीच सांगितलं.

इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहायला बाईंची सक्त मनाई आहे. 'नाइफ' असं लिहून ठेवलं की डोळा तेच वाचतो, पहिला 'के' दिसतच नाही आणि मग स्पेलिंग चुकतं. शब्द आधी ऐकायचा, म्हणायचा, मग अक्षरं बघायची. सुरुवातीला वेळ लागतो, पण मला हे शंभर टक्के पटलं.

पुस्तक बालभारतीचंच वापरतात, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. शिवाय आठवड्याला पाच वाक्यांची डायरी, स्वतःच्या घरातली, स्वतःच्या शब्दांत. तपासताना बाई एका वेळी एकाच प्रकारच्या चुका धरतात, या आठवड्यात काळ, पुढच्या आठवड्यात 'ए', 'अ‍ॅन', 'द'. बाकीच्या चुका तशाच राहतात आणि पालक वही बघून अस्वस्थ होतात. सगळं पान लाल झालं की मूल पुढच्या वेळी दोनच शब्दांचं वाक्य लिहितं, हे बाईंचं म्हणणं खरं आहे. पण त्यांनी हे पालकांना आधीच सांगायला हवं. वहीच्या वर 'या आठवड्यात काय बघितलं' एवढी एक ओळ लिहिली तरी पुरे. मी दोनदा सुचवलं, अजून झालेलं नाही.

अजून एक. शाळेच्या चाचणीतले मार्क लगेच वाढत नाहीत, आमचेही वाढले नाहीत. प्रश्नोत्तरं लिहून दिली जात नाहीत, शिष्यवृत्ती परीक्षेची तयारीही इथे होत नाही. तुम्हाला तेच हवं असेल तर हा क्लास घेऊ नका. फी महिना बाराशे, ठाण्याच्या मानाने वाजवी. खोली लहान, मे महिन्यात फार उकडतं.

माझी मुलगी आता शेजारच्या गुजराती काकूंच्या नातीशी खेळताना इंग्रजीत भांडते. अडखळते, चुकते, पण भांडण अर्ध्यावर सोडत नाही.

बॅच जूनमध्ये भरते, मधेच कुणाला घेत नाहीत. एप्रिलमध्येच जाऊन या आणि मुलाला सोबत न्या. बाई आधी त्याच्याशी बोलतात, फीचं आणि वेळेचं नंतर.