जनावराचं चित्र करून घेताय? तैलरंग की जलरंग

घरच्या म्हशीचं, बैलाचं किंवा कुत्र्याचं चित्र करून घ्यायचं ठरलं, की कोल्हापुरात चित्रकार मिळायला वेळ लागत नाही. अडतं ते तैलरंग की जलरंग या प्रश्नावर. बरेच जण किमतीवरून ठरवतात. माझं मत असं, की आधी जनावराची कातडी नीट बघावी.

म्हैस असेल तर तैलरंगच. पंचगंगेत धुऊन वर काढलेली म्हैस आठवा: पाठीवर आभाळाची निळाई, पोटाकडे तपकिरी झाक, शिंगांच्या वळ्यांत राखाडी. जाणता चित्रकार इथे ट्यूबमधला तयार काळा फासत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून तो गडदपणा आणतो, थरावर थर चढवत त्या अंगाला वजन देतो. जलरंग सुकल्यावर फिका होतो; गडद करायला पुन्हा पुन्हा हात फिरवला तर गढुळतो.

पांढऱ्या खिलार बैलाला मात्र जलरंग शोभतो. तिथे पांढरा म्हणजे कोरा राखलेला कागद. वशिंडावरचं ऊन तसंच सोडायचं, गळ्याखालच्या पोळीवर निळसर करडी छटा एका ओघात द्यायची, की बैल उजेडात उभा राहतो. पण एकदा झाकलेला कागद सहसा तितका पांढरा परत मिळत नाही, म्हणून हात मुरलेला हवा. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान (निधन १९३१) यांची चित्रं इथल्या टाउन हॉल संग्रहालयात बघून या. आपल्याकडचा उजेड रंगात कसा उतरतो ते कळेल.

कुत्र्यामांजराला दोन्ही चालतात.

चित्रकाराचं जुनं काम बघताना डोळ्यांपासून सुरुवात करा. गाय, म्हैस, शेळी, घोडा यांची बाहुली आडवी, कुत्र्याची गोल. घाईचा हात म्हशीलाही गोल बाहुली देतो आणि आपली म्हैस परकी दिसू लागते. मग कान कुठे वळलेत, नाकपुडी किती फुललीय ते पाहा; जनावराचा स्वभाव तिथे असतो. चित्रकार गोठ्यात येऊन रेखाटनं करणार असेल तर थोडे जास्त पैसे आनंदानं द्या. फोटोवरच काम होणार असेल, तर मोबाइल तोंडाजवळ धरू नका, नाक मोठं आणि कान लहान येतात. चार पावलं मागे सरून, जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा.

आपल्या पावसाळ्यात जलरंगाच्या कागदाला ओल लागून बुरशी धरते. त्याला माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि काच हवीच, शिवाय थेट ऊन नको. तैलचित्र काचेविना टांगता येतं, पण ते सावकाश सुकतं आणि शेवटचं वार्निश साधारण ६ ते १२ महिन्यांनी द्यायचं असतं. दिवाळी पाडव्याला म्हशी सजतात तेव्हा चित्र भिंतीवर हवं असेल, तर तैलरंगाचं काम उन्हाळ्यातच सांगून ठेवा. वार्निश नंतर करून घेता येईल.