फाइल नुसती बघायचीय: कॅट, लेस की टेल?

कॅट (cat), लेस (less) आणि टेल (tail) या लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, फाइल दाखवणाऱ्या तीन कमांड. लिनक्स शिकणारा पहिल्याच दिवशी कॅट शिकतो आणि पुढे समोर येईल त्या फाइलला कॅटच लावत सुटतो. माझंही तेच होतं. एका रात्री मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एका सर्व्हरवर शिरलो, समोर दोन जीबीची लॉग फाइल (प्रोग्रॅमने केलेल्या नोंदींची वही), आणि बोटांनी सवयीने कॅट मारलं. ओळी धो धो वाहू लागल्या. कंट्रोल-सी दाबलं तरी वाटेतला मजकूर येतच राहिला आणि हवी ती एरर कधीच वर निघून गेली होती.

कॅटचा मांजराशी संबंध नाही. 'कॉन्कॅटनेट', म्हणजे एकाला एक जोडणं, यावरून ते नाव पडलं. लिनक्सचा पूर्वज असलेल्या १९७१च्या पहिल्या युनिक्समध्येही ती होती. फाइली जोडून पुढच्या कमांडच्या हाती देणं हे तिचं मूळ काम. एकच फाइल दिली तर ती जशीच्या तशी स्क्रीनवर ओतते. त्यामुळे वीस-पंचवीस ओळींची कॉन्फिग (सेटिंगची फाइल) असेल तर कॅटच बरी. मजकूर समोर राहतो, तो बघत बघत खाली पुढची कमांड लिहिता येते. फाइल पानापानाने दाखवणाऱ्या लेसमधून बाहेर पडलं की बहुतेक टर्मिनलवर सगळं गायब होतं आणि 'पोर्ट नंबर काय होता बरं?' म्हणत परत आत शिरावं लागतं.

विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर चालेना, दिसायला तर सगळं ठीक आहे? तेव्हाही कॅटच, पण डॅश आणि मोठा ए लावून. ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी टोपीवाला एम (^M) दिसला की चोर, म्हणजे विंडोजचं ओळ संपवायचं जादा चिन्ह, सापडला. साध्या लेसमध्ये तो दिसतच नाही.

बाकी काहीही वाचायचं असेल तर माझं मत लेसला. ती पूर्ण फाइल वाचून होण्याची वाट बघत नाही, त्यामुळे दोन जीबीची लॉगही चटकन उघडते. मोठा जी दाबला की थेट तळाशी, मग प्रश्नचिन्ह आणि शोधायचा शब्द दिला की खालून वर शोध. पुढचा सापडायला एन, बाहेर पडायला क्यू. लांबलचक ओळी दुमडून गिचमिड होत असेल तर उघडतानाच डॅश आणि मोठा एस द्या, मग बाणांनी उजवीकडे सरका. चुकून बायनरी (साधा मजकूर नसलेली) फाइल दिली तर लेस आधी विचारते. कॅट विचारत नाही. टर्मिनलवर अगम्य चिन्हांचा चिखल होतो आणि काय टाइप करतोय ते न दिसता 'रीसेट' लिहून एंटर मारावं लागतं.

मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र लेस कधी कधी अडून बसते. सर्व्हरचं लोकॅल (भाषा आणि अक्षरांचं सेटिंग) यूटीएफ-८ (देवनागरीही सामावणारी अक्षरं साठवायची पद्धत) नसेल तर देवनागरीच्या जागी कोनी कंसातले हेक्स कोड दिसतात. तीच फाइल कॅटने नीट दिसते, कारण कॅट बाइट्सना हात न लावता पुढे ढकलते आणि अक्षरं जुळवायचं काम तुमच्या टर्मिनलवर सोडते. फाइल बिघडली समजून घाबरू नका, लोकॅल बदला. फाइलचा सुरुवातीचा भाग दाखवणाऱ्या हेड कमांडने बाइट मोजून तुकडा काढणाऱ्यांनीही जपावं: यूटीएफ-८मध्ये 'मराठी'चे १५ बाइट होतात, पहिले १० कापले तर 'मरा'पुढे ठ फुटतो.

टेल कधी? शेवटच्या १० ओळींवर भागत असेल तेव्हा, किंवा लॉग चालू असताना नजर ठेवायची असेल तेव्हा. नजर ठेवायला लावायच्या डॅश-एफमधला एफ मोठाच द्या. छोटा एफ रात्री लॉग रोटेट झाल्यावर (जुनी फाइल बाजूला ठेवून नवी सुरू झाल्यावर) जुन्याच फाइलला चिकटून बसतो आणि आपण शांत स्क्रीन बघून खूश. एकच फाइल बघायची असेल तर मी लेसमध्येच मोठा एफ दाबतो. ओळी येत राहतात, काही खटकलं की कंट्रोल-सी, आणि तिथूनच मागे जाऊन शोधता येतं. दोन-तीन लॉग एकदम बघायचे असतील तर टेलच.