गाडी न घेता इटली: बोलोन्यात मुक्काम, 5 महिने आणि 11 सहली

आमच्या चाकणच्या कंपनीनं मला मार्चअखेर बोलोन्याला पाठवलं. या शहराभोवती पॅकेजिंगची यंत्रं बनवणारे इतके कारखाने आहेत की या पट्ट्याला ‘पॅकेजिंग व्हॅली’च म्हणतात, त्यामुळे पुण्याची माणसं इथे अधूनमधून येत-जात असतात. माझ्या आधी येऊन गेलेल्यांचा सल्ला एकच होता: शनिवार-रविवार भाड्यानं गाडी घे, नाहीतर इटली दिसायची नाही. मी घेतली नाही. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची धास्ती होती, बस्स. मे ते सप्टेंबर 11 सहली झाल्या, त्यातल्या 3 आई-बाबांना घेऊन. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांसाठी इकडे यायचं ठरवत असाल तर हे वाचा.

निकाल आधीच सांगते. रेल्वेला 5 पैकी साडेचार तारे. रविवारच्या बसला दीड, तोही माझी चूक पोटात घालून. आणि शहर निवडताना ‘तिथे बघण्यासारखं काय आहे’ हा प्रश्न दुसरा ठेवायचा. पहिला प्रश्न: स्टेशनातून बाहेर पडल्यावर मुख्य चौकापर्यंत पायी किती वेळ लागतो?

या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर बोलोन्याच्या पट्ट्यात मिळतं, त्याला कारण रोमन लोक आहेत. इ.स.पू. 187 मध्ये त्यांनी रिमिनी ते पियाचेन्झा असा जवळजवळ सरळ रेषेत रस्ता काढला, व्हिया एमिलिया. त्यावर ओळीनं शहरं वसली: चेझेना, फोर्ली, फाएन्झा, इमोला, बोलोन्या, मोदेना, रेज्जो एमिलिया, पार्मा. पुढे रेल्वे आली ती याच ओळीनं. त्यामुळे एका खोलीत मुक्काम ठेवायचा, सकाळी डावीकडची नाहीतर उजवीकडची गाडी पकडायची आणि जेवायला परत यायचं. जमीन सपाट, स्टेशन गावाला खेटून. मोदेना, पार्मा, रावेन्ना, फेरारा या सगळ्या ठिकाणी स्टेशनातून दहा ते वीस मिनिटांत मी चौकात होते. याउलट सिएनाचं स्टेशन खाली आणि गाव टेकडीवर. सान जिमिन्यानोला तर स्टेशनच नाही. ही गावं सुंदर आहेत यात वाद नाही, पण दोन दिवसांच्या सहलीत अर्धा दिवस बसची वाट बघण्यात जातो.

गाडी न घेतल्याचं वाईट कधीच वाटलं नाही. जुन्या गावांच्या मध्यभागी ‘झेड टी एल’ नावाचा पट्टा असतो, परवानगी नसलेली गाडी आत गेली की कॅमेरा नंबर टिपतो. ऑफिसातला एक मित्र एकाच दुपारी रस्ता चुकून दोनदा आत गेला. दंडाची दोन पत्रं आली तोवर तो ती सहल विसरूनही गेला होता.

आता तिकिटं. वेगाच्या गाड्या, म्हणजे फ्रेच्चारोस्सा आणि इतालो, यांचं भाडं विमानासारखं वरखाली होतं. लवकर काढलं तर स्वस्त, आयत्या वेळी काढलं तर डोळे पांढरे. रेजोनाले म्हणजे आपली पॅसेंजर. तिचं भाडं ठरलेलं असतं, सीट नंबर नाही, आरक्षण नाही. फेराराला सहा युरोंच्या आत तिकीट आणि अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास. ते महिनाभर आधी काढणाऱ्यांना मी हात जोडते. फक्त कागदी तिकीट घेतलं तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून शिक्का उठवायचा, आणि फोनवर घेतलं तर गाडी सुटण्याआधी ‘चेक-इन’चं बटण दाबायचं. पहिल्या सहलीत मी ते दाबलं नव्हतं. टीसीबाईंनी माझा फोन बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि उभ्या राहून माझ्याकडून ते बटण दाबून घेतलं, शाळेत बाई पाटीवर अक्षर गिरवून घेतात तसं. दंड वाचला. दर वेळी वाचेल असं समजू नका.

बोलोन्याचं स्टेशन हे वेगळंच प्रकरण आहे. वेगाच्या बहुतेक गाड्या जमिनीखाली, 16 ते 19 नंबरच्या फलाटांवर लागतात. हा भाग 2013 पासून सुरू झाला. वर साध्या गाड्यांचे फलाट, शिवाय काही फलाटांच्या नंबरापुढे ‘ओव्हेस्त’ किंवा ‘एस्त’, म्हणजे पश्चिम नाहीतर पूर्व. फलाट 1 आणि फलाट 1 पश्चिम ही दोन निराळी ठिकाणं. रेजोनालेतून उतरून खालची गाडी पकडायला दहा मिनिटं असली तर धावावं लागतं. आई-बाबांबरोबर मी वीस मिनिटांपेक्षा कमी अंतर ठेवलंच नाही. याच स्टेशनावर 2 ऑगस्ट 1980 ला बॉम्बस्फोट झाला, 85 माणसं गेली. बाहेरच्या भिंतीवरचं घड्याळ 10 वाजून 25 मिनिटांवर थांबवून ठेवलंय. पहिल्या दिवशी मला वाटलं बिघडलंय, आणि मी माझं घड्याळ त्याच्याशी ताडून बघत होते. कळल्यावर लाज वाटली.

ऊन. याबद्दल कुणी नीट सांगत नाही. ‘युरोपातला उन्हाळा’ म्हटल्यावर आपल्याला महाबळेश्वर वाटतं. पो नदीच्या या मैदानात जुलैत 35-36 अंश आणि वर घाम न वाळणारा दमटपणा. इथली माणसं त्याला ‘आफा’ म्हणतात. आईनं दुसऱ्याच दिवशी निकाल दिला, ‘हे तर मे महिन्यातलं चिपळूण.’ आणि डास! ओडोमॉसच्या दोन ट्यूब आणल्या होत्या, तिसरी भावाकडून मागवली. त्यामुळे आमचं वेळापत्रक गाडीनं नाही, उन्हानं ठरवलं. सातच्या सुमाराची गाडी, साडेअकरापर्यंत हिंडणं, मग चर्चच्या गारव्यात किंवा सरळ खोलीवर परत येऊन लाकडी झडपा ओढून झोप, आणि सहानंतर पुन्हा बाहेर. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा काही बुडत नाही. मात्र लहान गावांतली चर्चही दुपारी बंद होतात, त्यामुळे बारा ते तीन गारव्याचा भरवसा धरू नका.

इथे बोलोन्या जिंकतं. शहरात मिळून 62 किलोमीटर कमानीदार पडव्या आहेत, 2021 मध्ये त्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. स्टेशनापासून मुख्य चौकापर्यंत जवळजवळ सगळं सावलीतून. गावाबाहेर सान लुकाच्या टेकडीवर जाणारी पडवी पावणेचार किलोमीटरची, 666 कमानींची. बाबा आणि मी जुलैत पहाटे सहाला निघालो. वाटेत वयस्कर आजोबा टी-शर्ट खांद्यावर टाकून उतरत होते, ‘बोंजोर्नो’ म्हणत. बाबा प्रत्येकाला ‘राम राम’ म्हणाले. कुणाचं काही बिघडलं नाही.

रावेन्नाला जरूर जा. रोमन सम्राज्ञी गाल्ला प्लाचिदियाच्या नावाच्या छोट्याशा समाधीत एका वेळी जेमतेम पाच मिनिटं उभं राहू देतात. डोळे अंधाराला सरावायलाच दोन जातात, मग वरचं निळं आभाळ आणि सोन्याचे तारे एकेक करून दिसायला लागतात. पाचव्या शतकातलं मोझेकचं काम, रंगीत तुकडे जडवून केलेलं. आत शिरताना उन्हाचा चष्मा आधीच काढून ठेवा, नाहीतर त्यातलाही एक मिनिट जाईल.

आता माझी चूक. इमोलाजवळ डोझा नावाचं टेकडीवरचं गाव आहे, घरांच्या भिंतींवर चित्रं काढलेली. रविवारी ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं आम्हाला तिथे सोडलं, तो त्याच बाजूला राहतो (म्हणजे गाडी वापरलीच म्हणा). परतीची बस मी आदल्या रात्रीच बघून ठेवली होती: 17:40, वर ठळक अक्षरात ‘फेरियाले’. ऑगस्टमध्ये दुकानांवर ‘कियूझो पेर फेरिए’ अशा पाट्या लागतात, सुट्टीसाठी बंद. फेरिए म्हणजे सुट्टी, तेव्हा फेरियाले म्हणजे सुट्टीचे दिवस, असा मी हिशेब केला. उलटं आहे! फेरियाले म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शनिवार. रविवार आणि सणवार म्हणजे ‘फेस्तिवो’. पाच चाळीस झाले, सहा झाले. बाबा साताऱ्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. ते थांब्यावरच्या कागदाजवळ गेले, चष्मा वर केला आणि वाचत बसले. एक अक्षर इटालियन येत नाही.

‘अगं, दोन रकाने आहेत. एकात चिक्कार गाड्या, एकात नुसती पांढरी जागा. आज रविवार. तू सांग आपला रकाना कुठला.’

‘बाबा, तुम्ही हे सकाळी का नाही बघितलंत?’

‘तू इंजिनिअर आहेस म्हणून.’

शेवटी बारमधल्या बाईंनी टॅक्सी बोलावून दिली, इमोला स्टेशनापर्यंत 38 युरो. तिथे भिंतीवर गाड्यांचा पिवळा तक्ता होता (पिवळा म्हणजे सुटणाऱ्या, पांढरा म्हणजे येणाऱ्या). काही गाड्यांपुढे एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे, काहींपुढे क्रूस. बाबांनी ताबडतोब उलगडलं: हातोडे म्हणजे कामाचा दिवस, क्रूस म्हणजे रविवार. तेव्हापासून कुठलंही वेळापत्रक दिसलं की मी आधी हातोडा शोधते, वेळ नंतर.

सगळ्यात आवडलेली सहल मांतोवाची. बोलोन्याहून थेट गाडी सोयीची नाही, मोदेनाला बदलावी लागते. गाव तीन बाजूंनी पाण्यात. मिन्चो नदी बाराव्या शतकात अडवून तळी केलेली आहेत. राजवाड्यात मान्तेन्या या जुन्या चित्रकारानं रंगवलेली खोली बघितली, छान होती, पण आईला घेऊन मी गेले होते ती तळ्यासाठी. जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या तळ्यावर कमळं फुलतात. आपलीच, गुलाबी, पानावर पाणी न ठरणारी. 1921 मध्ये वनस्पतिशास्त्र शिकलेल्या एका तरुणीनं त्यांची लागवड केली आणि आता ती इतकी पसरतात की दर वर्षी कापून आवरावी लागतात. आई काठावर बसली. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘ह्यांना कुणी सांगितलंय का, याच्या देठाची भाजी होते म्हणून?’

जेवायला तिथेच भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली, म्हणजे पास्त्याच्या पुड्या, लोणी आणि सेजच्या पानांबरोबर. सारणात बदामी बिस्किटांचा चुरा आणि मोहरीच्या पाकातली फळं असतात. आईचं म्हणणं, घारग्याच्या पिठात कुणीतरी लोणचं सांडलं. पण ताट स्वच्छ केलं. परतीची गाडी फलाटावरच्या पडद्यावर ‘सोप्रेस्सा’ झाली, म्हणजे रद्द. पुढची तासाभरानं, आणि तिच्या डब्यातला एसी बंद. साडेचार तारे म्हणाले ना, अर्धा इथे गेला.

शाकाहारी मंडळींसाठी थोडं. तोर्तेल्लिनीमध्ये डुकराचं मांस असतं, तोर्तेल्लोनीमध्ये बहुतेकदा रिकोटा, म्हणजे पनीरसारखं मऊ चीज. एका मात्रेचा फरक आहे, ऑर्डर देताना बोट ठेवून विचारा. पिआदिना दिसायला घडीच्या पोळीसारखी, पण पारंपरिक पिठात ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी. ऑलिव्ह तेलातलीही मिळते, मागावी लागते. पार्मेझान चीजमध्ये वासराचं रेनेट असतं, म्हणजे दूध घट्ट करायला त्याच्या पोटातून काढलेला पदार्थ. आई-बाबांनी यावर एक संध्याकाळ चर्चा केली आणि ठरवलं की आपल्याला हे माहीत नव्हतं.

फ्लोरेन्स आणि व्हेनिस दोन्ही एका दिवसात होतात. फ्लोरेन्स वेगाच्या गाडीनं 40 मिनिटांच्या आत, आणि बहुतेक वाट बोगद्यात, खिडकी मागून भांडू नका. व्हेनिसला तिकीट काढताना ‘सांता लुचिया’ हे स्टेशन बघा, ‘मेस्त्रे’ हे पाण्यावरच्या पुलाअलीकडचं गाव आहे. काही ठरावीक दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांना 2024 पासून प्रवेशशुल्क लागतं, आदल्या आठवड्यात तपासून घ्या. ऑगस्टमधल्या दोन्ही वेळी मला गर्दीशिवाय काही आठवत नाही.

15 ऑगस्टला इथे फेर्रागोस्तो, म्हणजे भर उन्हाळ्यातला सुट्टीचा सण. त्या आठवड्यात बोलोन्यातलं माझं नेहमीचं भाजीचं दुकान, न्हावी, कोपऱ्यावरचा बार, सगळ्यांना कुलूप. दुसरी भीती शोपेरोची, म्हणजे संपाची. तो आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात ठरावीक स्थानिक गाड्या धावतात. कामाच्या दिवशी, म्हणजे हातोड्याच्या. सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी मी याच आधारावर फेराराला गेले, भाड्याच्या सायकलवर तटबंदीवरून 9 किलोमीटरची फेरी मारली आणि सहा वाजून बारा मिनिटांच्या गाडीनं परत आले. डबा इतका भरला होता की सायकलस्वारीनंतरही उभ्यानंच यावं लागलं.